रुपरावने सरळ केलेली कवटी

रुपराव सोनकुसरे महाल या जुन्या वस्तीतला कोष्टी. घरचा माग बंद पडला तेव्हा तो आमच्या जीवाश्मांच्या प्रयोगशाळेत मजूर म्हणून लागला. दहा वर्षांत दगडातून हाड सोडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी उरला नाही. मी तिथे चित्रे काढायचो. साहेबलोकांच्या पदव्यांचे मला फारसे कौतुक नाही, रुपरावच्या बोटांचे मात्र आहे.

१९७४ साली कच्छहून एका नामशेष डॉल्फिनची कवटी तुकड्यातुकड्यांत आली. रुपरावने सुईने दगड कोरून काढला आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेने एकेक हाड जोडले. डॉल्फिनच्या नाकपुड्या तोंडापुढे नसतात, कपाळावर असतात. वरच्या जबड्याची हाडे त्यांच्या दोन्ही बाजूंनी मागे चढत जातात. आमच्या प्रमुख सिंधूताईंनी पाहिले, तर या कवटीच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या. आजच्या डॉल्फिनमध्ये असे नसते. म्हणून त्यांनी तिला एका जुन्या, संपलेल्या कुळात बसवले, नवी जात म्हणून निबंध लिहिला आणि त्या जातीला रुपरावचे नाव द्यायचे ठरवले. आठवडाभर गड्याचे पाय जमिनीवर नव्हते.

मग तुलनेसाठी गंगेतल्या डॉल्फिनची कवटी माझ्या टेबलावर आली.

"हिचं नाक डावीकडं काहून सरकलं गा?" रुपरावने विचारले.

"आजकालच्या डॉल्फिनचं तसंच असतं. तुझी सरळ आहे म्हणून तर एवढं कौतुक."

मग त्याने खरे काय ते सांगितले. जोडताना त्याच्या कवटीचेही नाक डावीकडेच जात होते. लुगड्याचे दोन्ही काठ सारखे उतरवण्यात निम्मा जन्म गेलेला माणूस. त्याला वाटले, दगडाखाली दबून वाकडी झाली असेल. त्याने डाव्या बाजूला प्लास्टर भरून ती सरळ केली आणि वरून मातीचा रंग दिला. कुणाच्याच लक्षात आले नाही. माझ्याही नाही, आणि मी तिची सात चित्रे काढली होती!

"गप्प बस," मी म्हणालो. होय, मीच. निबंध दुसऱ्या दिवशी टपालात पडायचा होता.

तो थांबलाच नाही. सिंधूताईंपुढे हात जोडून उभा राहिला. "मॅडम, थे डोस्कं तसं नाही जी. म्याच सरळ केलं."

"रंग देताना सांगता नाही आलं?" सिंधूताई कडाडल्या. दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र स्वतः त्याच्या शेजारी येऊन बसल्या. दोघांनी स्पिरिटने सांधे सोडवले, प्लास्टर काढले. हाडांच्या तुटक्या कडा एकमेकींत नेमक्या बसल्या आणि नाक डावीकडे सरकले. कूळ बदलले. जातही नवी नव्हे, आधीच नाव असलेली निघाली.

त्या संध्याकाळी मी रुपरावच्या घरी गेलो. चहा देताना त्याच्या बायकोने, कौसल्यावहिनीने, विचारलेच, "तुमचं नाव छापून येनार व्हतं ना जी?"

"त्या जनावराचं नाक मी सरकवलं वं," रुपराव म्हणाला. "थ्याच्यावर माहं नाव कसं चढवू?"

मला मान वर करता येईना. असा माणूस माझा मित्र होता याचा मला अभिमान आहे. आणि त्या दिवशी त्याने माझे ऐकले नाही, याचा त्याहून जास्त.