श्रीशैलची ओसरी

श्रीशैल बिराजदारसारखा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. देवणीचा पोरगा. लातूरला पॉलिटेक्निक केलं आणि नांदेडला माझ्याबरोबर एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागला. नोकरी बरी होती, पण याच्या डोक्यात किडा वळवळत होता. गावची माणसं पोटामागं पुण्या-हैदराबादला पांगलेली. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना लिहिता-वाचता येत नाही. मग त्यांच्यासाठी सोशल मीडिया का असू नये?

त्यानं 'ओसरी' नावाचं ॲप बनवलं. त्यात अक्षर औषधालाही नव्हतं. माणसाच्या फोटोवर बोट ठेवायचं आणि बोलायचं, नाहीतर ऐकायचं. कुणाची गाय व्याली, कुणाचं लग्न जमलं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं ओसरीवर. भांडणंसुद्धा झकास व्हायची.

खरं कारण त्याची आई, कमलम्मा; हा त्यांना अव्वा म्हणायचा. हा रोज संध्याकाळी नांदेडहून त्यांच्यासाठी काहीबाही बोलून ठेवायचा. काय जेवला, गुरुद्वाऱ्याकडं किती गर्दी होती, माझ्या नावानं चार चहाड्या. त्या सकाळी चहा पिताना ऐकायच्या. ऐकलेलंच पुन्हा ऐकायच्या.

"हे समदं बोलणं ऱ्हातंय कुठं रे? फोनात?" त्यांनी एकदा माझ्यासमोर विचारलं.

"फोनात न्हाई अव्वा. मुंबईत एका कंपनीच्या लई मोठ्या मशिनी हायत. त्यातली एक खोली आपण भाड्यानं घेतलीय. गावाचं बोलणं तिथं ऱ्हातंय."

"आन् किल्ली?"

"माझ्याकडंच की."

क्लाउड सर्व्हर मी वर्गात तास तास शिकवतो; इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही.

देवणीत नेट जायचं, मग त्या खोलीशी संपर्क तुटायचा. दुसरी ॲप्स अशा वेळी इंग्रजी अक्षरं दाखवतात. श्रीशैलनं स्वतःचा आवाज ॲपमध्येच भरून ठेवला, म्हणजे नेट नसलं तरी फोनातूनच वाजेल: "अव्वा, जरा थांब. येऊन राहिलो."

"अरे, अख्ख्या गावाला अव्वा म्हणणार का तू?" मी म्हणालो.

"म्हणतो की. बिघडलं काय?"

गेल्या वर्षी लोह्याजवळ त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. नांदेडहून गावी निघाला होता. कमलम्मांनी आपल्या हातानं माती दिली.

आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या वस्तू घरात ठेवत नाहीत. शिवगणाराधनेचं दिवसकार्य झालं आणि त्याच्या चुलत्यांनी, मलप्पाकाकांनी कपडे, अंथरूण वाटून टाकलं. मोबाईलमधलं सगळं पुसून तो दुसऱ्या पुतण्याला दिला. बँकेचं खातं मिटवलं, फोनचा नंबरही बंद केला. "माणूसच न्हाई, नंबर कशाला?" म्हणाले. रडत रडत केलं बिचाऱ्यांनी. मीही तिथंच बसलो होतो. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

पुढचे काही महिने ओसरी चालू होती. कमलम्मा चहा पिताना लेकाचं जुनं बोलणं ऐकायच्या. मग एका सकाळी ती बंद पडली. खोलीचं वर्षाचं भाडं त्याच मिटवलेल्या खात्यातून जात होतं.

मी कंपनीला फोन केले, मेल पाठवले, मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर मोठं आदबशीर: मालकाच्या नंबरवर ओटीपी जाईल, तो सांगा. बंद केलेला नंबर काही परत मिळेना. तोवर त्यांची मुदत संपली आणि त्यांनी सगळं पुसून टाकलं. मी खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांना शिव्या घातल्या, आणि मग रडलो.

हे सांगायला आणि कमलम्मांच्या फोनातून ॲप काढून टाकायला देवणीला गेलो. त्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी चहा दिला, मग लेकाच्या फोटोवर बोट ठेवलं.

"अव्वा, जरा थांब. येऊन राहिलो."

सगळं बोलणं गेलं होतं, आणि हे एवढं वाक्य त्या फोनात राहिलं होतं.

"काकू, हे काढून टाकू का?" मी कसंबसं विचारलं.

त्यांनी फोन पदराखाली घेतला. "मला समदं कळतंय रे. ह्याच हातानं माती दिली. पर रोज थांब म्हणतंय लेकरू, तर थांबते. मला तरी कुठं जायचंय?"