डोंगरातल्या बागेत मिळालेला शब्द

माझ्या यजमानांची वाचा गेली तेव्हा आमच्या घरातलं सगळं बोलणंच थांबल्यासारखं झालं. हे अबुधाबीला एका तेल कंपनीत इंजिनियर होते आणि सुट्टीला शारजात घरी यायचे. अल मजाजच्या पाण्याकाठी आम्ही दोघं फिरायला निघालो की साइटवरच्या गमती, कोणाचं काय चुकलं, कोण साहेबावर कसा चिडला, सगळं ऐकावं लागायचं. मग पक्षाघाताचा झटका आला. उपचारांनी हे हळूहळू चालायला लागले, उजवा पाय ओढत का होईना. पण तोंडातून एकच शब्द निघायचा, ‘चला’. भूक लागली तरी चला, औषध नको असलं तरी चला. कधी डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, चला, आणि काय सांगायचंय ते मला काही केल्या कळायचं नाही.

माझ्या माहेरी दत्तमहाराजांची उपासना. महाराज स्मर्तृगामी, आठवण काढली की येणारे, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. म्हणून मी पारायणं केली, गुरुवार धरले. महिने गेले तरी यांच्या बोलण्यात फरक पडेना. एका गुरुवारी आरती म्हणता म्हणता मी मध्येच थांबले आणि ताम्हन खाली ठेवून उठले. राग आला होता असं म्हणता येणार नाही. फार थकले होते. आपली हाक कुठे पोचतच नसावी, असं वाटायला लागलं होतं.

उन्हाळ्यात आमची मुलगी सई म्हणाली, “आई, वी ऑल नीड अ ब्रेक. बाबाज डॉक्टर ऑल्सो सेड येस.” माझं मन नव्हतं, पण शारजाच्या उकाड्यात यांना घराबाहेर काढताच येत नव्हतं. शेवटी आम्ही तिघं ऑस्ट्रियातल्या एका डोंगरी गावात गेलो. गाव एवढंसं, पण त्याची बाग पार तळ्याच्या काठाने पसरलेली. समोरच्या शिखरांवर भर उन्हाळ्यात बर्फ, उतारावर चरणाऱ्या गाईंच्या घंटांचा आवाज आणि बागेच्या मधून फेसाळत जाणारा बर्फाच्या पाण्याचा ओढा. गंमत म्हणजे निम्मे प्रवासी आमच्या आखातातलेच. अबाया घातलेल्या बायका गवतावर चटया टाकून बसलेल्या, पोरं बदकांच्या मागे पळताहेत. ते सगळं बघत हे बसून होते. मला मात्र त्या देखण्या जागेतही उदास वाटत होतं. एवढं सुंदर काही दिसलं आणि त्यावर हे एक शब्द बोलले नाहीत, असं पूर्वी कधी झालंच नसतं.

दुपारी ढग उतरले. सई गाडी आणायला गेली. यांना झाडाखालच्या बाकावर बसवून मी जवळच्याच टपरीवर चहा घ्यायला गेले. टपरीवरच्या बाईला दूध गरम हवं हे समजावण्यात थोडा वेळ गेला. कप घेऊन वळले तर बाक रिकामा.

पाऊस सुरू झाला होता. लोक आडोशाला पळत होते. मी “अहो! अहो!” करत धावत सुटले. त्या परक्या गावात ही हाक कोणाला मारतेय, हे कोणाला कळणार? आणि यांनी ओ दिली तरी त्या पाण्याच्या आवाजात मला ऐकू येणार कशी? यांना कोणी विचारलं, तर स्वतःचं नावसुद्धा सांगता येणार नव्हतं. ओढ्याचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. मी वाकून त्या पाण्यात बघितलं, काही दिसेना. तिथेच भिजत उभी राहिले. मनात एवढंच आलं, ‘महाराज, माझ्याच्याने आता होत नाही. तुम्हीच बघा.’ कसं बघा, काय करा, तेही सुचलं नाही.

“सिस्टर! इंडिया?” मागून आवाज आला. छत्री घेतलेल्या एक वयस्कर अरबी बाई होत्या. आखातातल्या अरबी लोकांना येते तसल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “तुम्हारा आदमी मेरे पास है. डरो मत, आओ.”

ओढ्याच्या पलीकडे एक लाकडी मंडप होता. तिथे हे बसले होते. खांद्यावर त्या बाईंची शाल, डाव्या हातात गाव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, छोटा पेला. आणि हे चक्क हसत होते.

बाई अल ऐनच्या होत्या. त्यांच्या यजमानांनाही हाच आजार झाला होता. दर उन्हाळ्यात त्या त्यांना घेऊन याच बागेत यायच्या. आता ते नाहीत. मुलांबरोबर आल्या होत्या, पण आज एकट्याच येऊन नेहमीच्या जागी बसल्या होत्या. “दूर से पैर देखा,” त्या म्हणाल्या, “मेरा आदमी भी ऐसा चलता था. पानी की तरफ जा रहा था. मैं भागी, हाथ पकड़ा.” मग त्यांना हसू आलं. “नाम पूछा, बोला चला. होटल पूछा, बोला चला. तो मैं बोली, यल्ला!”

अरबीत ‘चला’ म्हणायचा तो शब्द ऐकताच यांनी पेला उंचावला आणि माझ्याकडे बघून स्वच्छ म्हणाले, “यल्ला!”

इतक्या महिन्यांत दुसरा शब्द! “परत म्हणा,” मी म्हणाले. यांनी ओठ जुळवले, थांबले, आणि म्हणाले, “यल्ला. चला. यल्ला.” तेवढ्यात सई शोधत शोधत धापा टाकत आली. “बाबा, व्हॉट डिड यू से?” तिने विचारलं आणि यांनी तिलाही म्हणून दाखवलं. तिघंही रडत होतो. बाई शांतपणे दुसरा पेला भरत होत्या.

पाऊस ओसरल्यावर त्यांची मुलं न्यायला आली. मी बाईंचे हात धरले. त्यांनी एक बोट आकाशाकडे केलं, “उसका काम,” म्हणाल्या आणि गेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

शारजात परतल्यावर स्पीच थेरपीच्या बाईंनी त्या दोन शब्दांवरूनच पुढचे शब्द शिकवायला घेतले. आज यांच्याकडे थोडे शब्द आहेत. बरेच अजून आलेले नाहीत, काही कदाचित येणारही नाहीत. त्या दुपारी जे झालं त्याला योगायोग म्हणणारे म्हणोत, मला वाद घालायचा नाही. मी यांचं जुनं बोलणं जसंच्या तसं परत मागत होते आणि ते कुठल्या दाराने यावं, हेही मीच ठरवून बसले होते. जिचा स्वतःचा माणूस गेला होता, तिच्या हातून, तिच्या भाषेत ते आलं. आत्ता हे लिहितानाही मन भरून येतं.

आम्ही संध्याकाळी पुन्हा पाण्याकाठी फिरतो. हे मध्येच थांबून एखादा शब्द शोधू लागतात. पूर्वी मी घाईने पुरवायचे, आता गप्प उभी राहते. कधी शब्द येतो, कधी येत नाही. दोन्ही वेळा मी महाराजांना मनोमन नमस्कार करते, यांचा हात धरते, आणि आम्ही पुढे चालू लागतो.