नटबोल्टांचा डबा घेऊन नरसिंहपूरला

लग्नात मुलींना आईवडील काय काय देतात. माझ्या वडिलांनी मला नटबोल्ट दिले. बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा आणि आत कागदी पुड्या: खिळे, स्क्रू, रिव्हेट, वायसर, निरनिराळ्या जाडीचे बोल्ट. पुण्यात रविवार पेठेत आमचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि मी त्यांची एकुलती एक. शाळा सुटली की मी दुकानातल्या स्टुलावर. बोल्ट नुसता हातात घेतला की किती सुती आहे ते सांगायचे. (आठ सूत म्हणजे एक इंच, हे आता सांगावं लागतं!)

वडिलांची नजर अधू होत चालली होती. मी बसले नाही तर ते दुकान विकणार होते. म्हणून लग्न ठरतानाच मी ह्यांना धीर करून विचारलं होतं, "लग्नानंतरही दुकानात बसले तर चालेल का?" हे भूगोलाचे मास्तर, नकाशा पाहिल्याशिवाय घराबाहेर पाऊल न टाकणारे. म्हणाले, "आधी नरसिंहपूरला जाऊन येऊ. मग सांगतो." नरसिंह हे सासरचं कुलदैवत, नव्या जोडप्यानं दर्शनाला जायचंच. माझा जीव मात्र त्या 'मग सांगतो'ला टांगलेला.

नवे पैसे सुरू व्हायच्या आदल्या थंडीत, म्हणजे छप्पन्न सालच्या अखेरीस, आम्ही निघालो. ट्रंकेत शालू, शालूखाली डबा. सासूबाईंना वाटलं, सुनेनं माहेरचे लाडू घेतलेत. मीही तसंच वाटू दिलं.

पुण्याहून दौंडपर्यंत मोठी गाडी, दौंडला उतरून बारामतीची बारकी. आता तिथे मोठे रूळ आहेत, तुम्हाला गाडी बदलावी लागणार नाही, पण काय गंमत हुकली तुमची! ती बारकी गाडी इतक्या बेताने जायची की ह्यांनी खिडकीतून एका शेतकऱ्याला गावाचं नाव विचारलं, आणि त्यानं नाव सांगून वर चौकशी केली, तीसुद्धा पूर्ण ऐकू आली. दौंडच्या फलाटावर मी रुळांचे जोड बघत बसले होते. दोन रूळ जिथे भेटतात तिथे लोखंडी पट्टी, पट्टीत चार बोल्ट आणि नटाखाली एका जागी चिरलेली, किंचित पिळलेली चकती, म्हणजे स्प्रिंग वायसर. हादऱ्यांनी नट हळूहळू सैल होतो, ती चकती त्याला दाबून धरते. गाडीत बसल्यावर हे सगळं मी ह्यांना उत्साहाने सांगत होते. समोरच्या बाकावरचे फेटेवाले गृहस्थ कान देऊन ऐकत होते.

"वैनी, तुमचं मालक रेल्वेत हायत व्हय?"

"नाही, मास्तर आहेत."

"मंग ह्ये तुमास्नी कुणी शिकिवलं?"

ह्यांनी नकाशा उघडून तोंडासमोर धरला. बारामती येईपर्यंत तो काही खाली आला नाही.

मुक्काम होता कन्हेरीला, बारामतीहून बैलगाडीनं तासाभराच्या अंतरावर. ह्यांच्या शाळेतल्या एका मास्तरांचे थोरले भाऊ तिथे शेती करत, सगळे त्यांना तात्या म्हणत. रात्री जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ताज्या काकवीची वाटी. या भागात जायचं तर थंडीतच जा, गुऱ्हाळं चालू असताना. उकळत्या रसाचा वास लांबूनच येतो आणि भूक नसलेल्यालाही लागते.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी तात्यांच्या गुऱ्हाळावर हजर. लोखंडी चरक, त्याला आडवा लांब दांडा, दांड्याला बैलजोडी गोल फिरणारी. मधून ऊस जातो, रस खाली पडतो, तो चुलवणावरच्या काहिलीत. काहील म्हणजे अंगणाएवढी कढई म्हणा ना! तिचे पत्रे रिव्हेटांनी जोडलेले. मी लगेच ह्यांना दाखवलं. बोल्ट सुटतो, कधीतरी उघडावा लागणारा जोड असेल तिथे तो घालायचा. रिव्हेट लाल तापवून ठोकतात, तो गार होताना आवळतो आणि पत्रे धरून बसतो, थेंब गळू देत नाही. जे परत उघडायचंच नाही तिथे रिव्हेट. हे म्हणाले, "हं." पण त्यांनी वाकून रिव्हेट मोजले, हे मी पाहिलं. मला फार बरं वाटलं.

एवढ्यात कडकन आवाज झाला आणि बैल थांबले. आडवा दांडा चरकाच्या मधल्या लाटेच्या, म्हणजे ऊस पिळणाऱ्या उभ्या लोखंडी ओंडक्याच्या, डोक्यात बसवलेला असतो. तो धरून ठेवणारी खुंटी मोडली होती. बाभळीच्या लाकडाची खुंटी! धोंडीआबा नावाचे म्हातारे सुतार चिलीम बाजूला ठेवून उठले, मोडका तुकडा ठोकून काढला, नवी खुंटी बसवली, परत चिलीम घेतली. तासाभराने पुन्हा तेच.

मला राहवेना. लोखंडाचा चरक आणि त्यात लाकडाची खुंटी? दुपारी धोंडीआबा जेवायला घरी गेले तेव्हा तिसऱ्यांदा खुंटी मोडली आणि मी डबा घेऊन आले. सहा सुती पोलादी बोल्ट, खाली स्प्रिंग वायसर, वर दोन नट एकमेकांवर आवळलेले.

"तात्या, हा बसवू का? जन्मात मोडणार नाही."

तात्या पुण्याच्या पाहुणीला नाही कसं म्हणणार? "बसवा की. धोंडीआबाला तेवढाच इसावा."

मी पदर खोचला आणि पान्यानं नट आवळले. ह्यांनी दांडा धरला. चरक सुरू झाला आणि मी हवेत! बैल फिरताहेत, रस पडतोय, माणसं माझ्याकडे बघताहेत. मनातल्या मनात मी दुकानाच्या गादीवर बसलेसुद्धा.

अर्ध्या तासानं उसाच्या मोळीतून एक दगड आत गेला.

या वेळचा आवाज वेगळा होता. लाटा अडल्या, बैल आपल्या जोरात पुढे गेले, आणि चरकावरच्या दातेरी चाकाचा एक दात तुटून माझ्या पायाशी पडला. बोल्ट मात्र जागच्या जागी, ताठ. त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

काहिलीत अर्धा रस उकळत होता आणि पलीकडे तोडलेल्या उसाचा ढीग पडला होता. तोडलेला ऊस वाट बघत नाही, वाळायला लागतो. धोंडीआबा परत आले, त्यांनी बोल्ट पाहिला, दात उचलला आणि माझ्याकडे वळले.

"पोरी, ती खुंटी मोडायसाठीच केल्याली व्हती."

"म्हणजे?"

"दगड आला, लोखंड आलं, तर कायतरी मोडणारच. खुंटी मोडली तर माजी एक चिलीम जाती. ही चक्री मोडली तर तात्याचा ऊस जातुया. म्हून बाभळ. खैर घातला असता तरी चाललं नसतं, लई टणक."

मला रडू येत होतं. जन्मभर दुकानात बसून मी लोकांना मजबूत माल दिला होता आणि 'कमजोर हवा' असं कुणी म्हणू शकतं हे मला ठाऊकच नव्हतं. ह्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. आता कसलं दुकान! पण तात्यांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "तात्या, चूक माझी आहे. धोंडीआबांना विचारायला हवं होतं. चाक मी दुरुस्त करून आणते."

तात्यांनी चुलवणातलं एक लाकूड बाहेर ओढलं. धोंडीआबांनी मात्र आपली हत्यारांची पेटी उघडली आणि मूठभर बारके खिळे माझ्यापुढे धरले. "ह्यास्नी काय म्हंत्यात?"

"चुका," मी म्हणाले. बारक्या खिळ्यांना आपल्याकडे चुकाच म्हणतात.

"सुताराच्या पेटीत मूठभर चुका कायम असत्यात. त्याबिगर धंदा व्हत न्हाय. जावा आता, दिस हाय तवर चक्री घिऊन जावा."

तात्या हसले तेव्हा मी श्वास सोडला.

चाक बैलगाडीत घालून आम्ही दोघं बारामतीला आलो. स्टेशनाजवळच्या कारखान्यातल्या मिस्त्रींनी दात पाहून मान हलवली. "बीड हाय ह्ये. डाग धरायचा न्हाय. नवी चक्री पुण्यासनं मागवा, चार दिस लागत्याल." बीड म्हणजे ओतीव लोखंड, त्याला डाग देऊन, म्हणजे वितळवून, जोडता येत नाही. चार दिवसांत उसाचं सरपण झालं असतं. मी डबा उघडला. वडिलांनी एकदा छापखान्याच्या चाकासाठी सांगितलेला उपाय मला आठवला होता. तुटक्या दाताच्या जागी ओळीनं भोकं पाडायची, त्यांत आटे पाडायचे, पोलादी बोल्टांची डोकी कापून ते शेजारीशेजारी घट्ट पिळून बसवायचे आणि वरून कानशीनं घासून दाताचा आकार द्यायचा. पण या वेळी मी आधी विचारलं.

"मिस्त्री, आटे बारीक पाडावेत की जाड?"

मिस्त्रींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बिडाला जाडच. बारीक आटे भुगा हून जात्याल." मग हसून म्हणाले, "तुमास्नी ठावं हाय की."

ठाऊक होतं. तरी विचारलं, आणि विचारताना काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही. डब्यातले चार सुती बोल्ट चाकात गेले. हात-ड्रिल ह्यांनी फिरवलं. सदरा घामानं ओला, चष्मा नाकावर घसरलेला, आणि तोंडानं चालू, "अगं, सरळ जातंय ना?" मी इतकी खूश होते की कारखान्यातच मोठ्यांदा हसले. दिवस मावळायच्या आत आम्ही कन्हेरीला परत आलो. सकाळी चाक चढलं, बाभळीची खुंटी बसली, चरक फिरला. आदल्या दिवशीची काहील मात्र अर्ध्या रसावरच उतरवावी लागली होती आणि तो गूळ काळपट झाला होता. तात्यांनी त्यातलीच एक ढेप आम्हाला दिली. "ही तुमची," एवढंच म्हणाले.

मोडक्या खुंटीचा तुकडा मी धोंडीआबांकडून मागून घेतला.

मग बारामतीहून इंदापूरला एस.टी. रस्ता खडीचा, धूळ डोळ्यांत, आणि माझ्या बाकाखाली एक नट सैल होऊन सारखा वाजत होता. उतरताना ड्रायव्हरला सांगितलं तर म्हणाला, "त्यो वाजतुया तवर काळजी न्हाय. वाजायचा थांबला की पडला म्हनायचं." इंदापूरला आज लोक उजनीच्या पाण्यावरचे पक्षी बघायला जातात. तेव्हा धरण नव्हतं, पण ज्वारीचा हुरडा होता, शेंगदाण्याची चटणी होती आणि एका शेतात आम्हाला ओळख ना पाळख बोलावून खाऊ घालणारी माणसं होती. पुढचा रस्ता बैलगाडीचा. मागच्या बाजूला गवताचा भारा ठेवून बसा म्हणजे पाठ शाबूत राहते.

नरसिंहपूरला दर्शन घेऊन आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. समोर भीमा आणि नीरा एकमेकींत मिसळत होत्या. भूगोलाचे मास्तर अशा जागी गप्प कसे बसतील! पण उगम, खोरं असलं काही न सांगता त्यांनी विचारलं, "हा जोड कशाचा म्हणायचा?"

"रिव्हेटाचा," मी म्हणाले. "परत सुटायचा नाही."

"आणि आपला?"

मी लाजले.

ते म्हणाले, "खरं सांगू? मला भीती होती, दुकानात बसलीस तर तू मला रोज शहाणपण शिकवशील."

"आणि आता?"

"आता शिकव. तात्यांपुढं 'चूक माझी' म्हणालीस ना, तेव्हाच माझं ठरलं होतं. इथे येईपर्यंत थांबलो, कारण तसं बोललो होतो."

मी आनंदानं हसले आणि पायऱ्या उतरून नदीच्या पाण्यात पाय सोडले.

पुढे पुष्कळ वर्षं मी त्या दुकानात बसले. कुणी आलं आणि 'सगळ्यात मजबूत बोल्ट द्या' म्हणालं की मी बाभळीचा तो तुकडा काउंटरवर ठेवायचे आणि विचारायचे, "आधी सांगा, यातलं काय मोडलेलं तुम्हाला चालेल?" उघडावं लागतं का, हादरे बसतात का, बिडात जाणार की पोलादात, हे सगळं त्यानंतर. तुकडा अजून डब्यात आहे, किडलाही नाही.

पण घरी परतलो त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मी पाय धुऊन आत येते तो सासूबाईंनी ट्रंक उघडून डबा बाहेर काढलेला. लाडवांसाठी झाकण काढलं आणि बघतच राहिल्या. त्यांनी एक बोल्ट उचलला, उजेडात फिरवून पाहिला, आणि उठून स्वयंपाकघरातून विळी घेऊन आल्या.

"हिचं पातं हलतंय कधीचं. यातलं काय बसेल?"

मी लगेच हात घालणार होते, पण थांबले. "आई, पातं कधी काढावं लागतं का?"

"म्हणजे काय! धार लावायला काढावं लागतंच."

"मग रिव्हेट नको, नटबोल्टच हवा. पण एवढा बारीक या डब्यात नाही, दुकानात मिळेल."

सासूबाईंनी विळी भिंतीशी टेकवून ठेवली आणि काळ्या गुळाचा खडा तोंडात टाकत म्हणाल्या, "मग उद्या दुकानात जाशील तेव्हा घेऊन जा."