संक्रांतीला निघालेला कॉलेजचा विषय

आमच्या लंडनमधल्या वेम्बलीच्या मराठी बायकांइतकं मोठं मन जगात शोधून सापडायचं नाही. ऑफिसात कुणी रंगावरून काही बोललं, की एचआरला मेल गेलाच म्हणून समजा. आपल्या पोरींना मात्र समरमध्ये उन्हात जाऊ द्यायचं नाही, काळवंडतात.

तर यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाडून सगळ्या रिवाजाप्रमाणे काळ्या साड्या नेसून हॉलमध्ये जमल्या होत्या. तिथे माझ्या लेकीला मिळालेल्या ॲडमिशनचा विषय निघाला. कॉलेज अमेरिकेतलं. गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं बंद होती त्या काळात कृष्णवर्णीयांसाठी उभं राहिलेलं. आता तिथे कुणालाही घेतात. लेकीला जायचंच होतं. मी नुसती "बघू" म्हणत होते. आयांच्या "बघू"चा अर्थ पोरींना बरोबर कळतो.

"अगं, पण ते काळ्यांचं ना?" यजमानीणबाईंनी काळा पदर सावरत विचारलं. "तिथे कशाला?"

दुसरीला लगेच स्थळांची काळजी लागली. लेक अठराची. तिसरीने सेफ्टीचं काढलं. तिच्या मुलाचा एडिनबरात लॅपटॉप चोरीला गेला होता, पण ते शहर कसं, हिस्टॉरिक!

लेक तिळगूळ वाटत होती. यजमानीणबाई तिला मायेने म्हणाल्या, "तिथे तू एकटीच वेगळी दिसशील गं."

"काकू, इथे पण मी एकटीच होती. आमच्या केंटच्या स्कूलच्या प्रत्येक ब्रोशरवर माझी फोटो आहे. नेटबॉल टीममध्ये पण. मला नेटबॉल येत पण नाही."

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "मम, तू पण हेच थिंक करतेस ना?"

माझं डोकंच फिरलं. माझं "बघू" पोर लांब जाणार म्हणून होतं, आणि तिने मला या बायकांच्या पंगतीत बसवलं होतं!

"होकार कळवलाय आम्ही," मी खणखणीत आवाजात सांगितलं. कळवला नव्हता. नवऱ्याशी धड बोललेही नव्हते. "छान हो," म्हणत यजमानीणबाई दुसरीला कुंकू लावायला वळल्या.

केंटला घरी परत येताना ट्रेनमध्ये लेकीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. कित्येक वर्षांत टेकलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं, आणि तेवढ्यात रडूच फुटलं. आता ती खरंच जाणार होती.