इक्बालची उघडी उशी

शबानाभाभींचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीत एका कंपनीच्या वार्षिक समारंभात माइक धरून उभा होतो. माझा धंदाच तो आहे, सूत्रसंचालनाचा. लग्नं, बारशी, सोसायटीचे गणपती, कंपन्यांची संमेलनं... चारशे माणसं हसायच्या बेतात असताना खिशातला फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. मध्यंतरात बाहेर येऊन मी उलट फोन लावला. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी आत गेलो, उरलेला अर्धा तास लोकांना हसवलं आणि मग पार्किंगमध्ये कंपनीच्या बसमागे उभा राहून रडलो. हसवलं, हे मुद्दाम लिहितोय. इक्बालच्या बाबतीत मी जी माती खाल्ली, ती लोकांना हसवतानाच खाल्ली.

तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'थोर मुष्टियोद्धा इक्बाल यांस भावपूर्ण श्रद्धांजली.' इक्बालचा फोटो पासपोर्टएवढा. ज्याला शोक झाला होता त्याचा मात्र कमरेपासून वर, हात जोडलेला, गॉगलसकट. या गृहस्थाचं नाव मी इथे लिहिणार नाही. छापून यायला त्याला फार आवडतं आणि ते सुख माझ्याकडून मिळायचं नाही. या माणसाने इक्बालचा उजवा डोळा घेतला. आज त्याची तीन मजली बॉक्सिंग अकादमी आहे आणि दारावर 'शिस्त, सचोटी, सन्मान' असं सोनेरी अक्षरांत लिहिलंय. सचोटी! कारागिराने ती अक्षरं रंगवली कशी, ब्रश कसा गळून पडला नाही, याचंच मला नवल वाटतं.

इक्बाल भवानी पेठेतल्या गादीवाल्याचा मुलगा. आम्ही शाळेत एका बाकावर. त्याचे आजोबा पिंजण खांद्यावर टाकून घरोघर कापूस पिंजायला जात, वडिलांनी दुकान काढलं, आणि पोराच्या अंगठ्यात तीन पिढ्यांचं ज्ञान उतरलं. उशी एकदा दाबली की आत काय आहे, किती आहे, कुठल्या कोपऱ्यात चोरी केलीय, हे तो सांगायचा. सातवीत असताना मुख्याध्यापकांच्या नव्या खुर्चीची गादी दाबून हा शांतपणे म्हणाला, "सर, यात भुसा आहे." सरांनी आधी याचा कान पिरगळला आणि मग गादी उसवली. भुसाच निघाला. कान मात्र आधीच पिरगळून झाला होता. खरं बोलून आधी मार खायचा आणि मग बरोबर ठरायचं, ही त्याची पद्धत तेव्हाच पडली.

कॅम्पातल्या एका तालमीवजा क्लबात तो मुष्टियुद्ध शिकला. मी बघायला जायचो आणि घरी येऊन नक्कल करायचो. राज्यस्तरावर पदकं झाली, मग कोणीतरी म्हणालं की आता व्यावसायिक व्हायचं, पोस्टरवर नाव यायचं. इक्बालला पोस्टरचं काही नव्हतं. तो म्हणायचा, "भोंग्या, तिथे हेल्मेट नसतं. समोरच्याचं तोंड नीट दिसतं." भोंग्या म्हणजे मी.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कात्रजच्या अलीकडे एका लग्नाच्या लॉनवर ती लढत होती. व्यासपीठावर आदल्या दिवशीच्या वधूवरांची थर्माकोलची नावं तशीच होती आणि त्यांच्या लाल मखमली खुर्च्यांवर प्रमुख पाहुणे बसले होते. सूत्रसंचालन माझ्याकडे. इक्बालच्या बाजूचा एक माणूस ऐनवेळी आजारी पडला, तर ते कामही आयोजकांनी माझ्याच गळ्यात घातलं. काम साधं होतं. लढतीआधी प्रत्येक बाजूचा एक माणूस दुसऱ्याच्या खोलीत जातो. हाताच्या पट्ट्या बघतो, ग्लव्ह दाबून आतला भर तपासतो, नाड्या बांधून त्यावर चिकटपट्टी लागली की तिच्यावर स्केचपेनने सही करतो. ती सही म्हणजे मी पाहिलं, सगळं ठीक आहे.

मी गेलो. आजचे फ्लेक्सवाले गृहस्थ तेव्हा इक्बालसमोर लढणाऱ्या बाहेरगावच्या मुलाचे प्रशिक्षक होते. "अहो, तुम्हीच ना ते? माझ्या मेव्हण्याच्या लग्नात तुम्ही नवरदेवाच्या घोडीची गोष्ट सांगितली होती. या आमच्या पोरांना ऐकवा की." पुढे चहा आला, क्रीमरोल आला. आता मला गोष्ट सांगा म्हणणं म्हणजे... जाऊ दे. मी घोडी झालो, नवरदेव झालो, घोडीमागे धावणारा सासरा झालो. खोलीत हसून हसून माणसं वाकली. कोणीतरी हातात स्केचपेन दिलं आणि मी गोष्ट न थांबवता दोन्ही मनगटांवर सह्या ठोकल्या. वळणदार, खाली रेघ मारून.

दुसरी फेरी संपल्यावर इक्बाल आपल्या कोपऱ्याकडे न जाता दोरांवरून माझ्याकडे वाकला. उजवी भुवई फुटली होती. "भोंग्या, याच्या ग्लव्हात भरच नाहीये. हाड लागतंय." मी माइकवर हात ठेवून म्हणालो, "मार बसला की गादीवाल्याला कापूस आठवतो होय?" मग घंटा झाली. सहा फेऱ्या तो उभा राहिला, शेवटच्या दोन तर एका डोळ्याने. आणि मग मी, याच तोंडाने, ताणून ताणून विजेत्याचं नाव पुकारलं.

इस्पितळात डॉक्टरांनी फक्त विचारलं, "समोरच्याच्या हातात विटा होत्या का?" डोळ्यामागचा पडदा सुटला होता. दोन शस्त्रक्रिया झाल्या, दृष्टी आली नाही. इक्बालने तक्रार केली. ग्लव्हच्या तळव्याकडची शिवण उसवून भर काढलाय आणि परत टाके घातलेत, ते टाके मी जवळून पाहिलेत, गादीवाल्याला टाका कळतो, असं त्याने लिहिलं. आयोजकांनी आपल्याच तीन माणसांची समिती नेमली. समितीपुढे जे ग्लव्ह आले ते कोरे करकरीत, टम्म भरलेले. त्यांच्यावर मात्र माझ्या सहीची पट्टी व्यवस्थित डकवलेली. अध्यक्ष फार अदबीने बोलत होते. "ही सही आपलीच?" "हो." "सही करण्यापूर्वी आपण ग्लव्ह दाबून पाहिलं होतं?"

इक्बाल शेजारी बसला होता, डोळ्यावर पट्टी. मी जर तेव्हा नाही म्हणालो असतो तर ती सही रद्द झाली असती, नव्याने चौकशी लागली असती. पण तीन अनोळखी माणसांसमोर मी क्रीमरोल खात घोडी झालो होतो, हे सांगायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "हो, पाहिलं होतं." तक्रार निकालात निघाली. समितीने इक्बालला खिलाडूवृत्तीने पराभव स्वीकारायचा सल्लाही दिला, फुकट.

पुढचं आयुष्य त्याने दुकानात काढलं. सुईत दोरा ओवता येईना, तर भाभी सकाळी वीस सुया ओवून फोमच्या तुकड्यात टोचून ठेवायच्या. डोकं दुखायचं. मग हात कापू लागले, मग नावं विसरू लागली. डॉक्टर म्हणाले, तेव्हाचा मार आता बोलतोय. ज्याने मारायला लावलं त्याच्या अकादमीवर तोवर तिसरा मजला चढला होता. इक्बालने दुकानात फक्त एक पाटी लावली : 'आत हात घालून बघितल्याशिवाय उशी शिवून मिळणार नाही.' शनिवार पेठेतल्या एक आजी चिडल्या, "अहो, मला झोपायचंय, परीक्षा द्यायची नाही." हा म्हणाला, "मग उघडीच घेऊन जा." त्यांनी हात घातला. सगळ्यांनाच घालावा लागायचा. ती पाटी मी लोकांना किस्सा म्हणून सांगायचो, हशा हमखास. ती कोणासाठी लिहिलीय, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

शेवटची भेट दुकानाच्या वरच्या खोलीत झाली, जाण्याआधी महिनाभर. तो म्हणाला, "भोंग्या, त्या घोडीचं पुढे काय झालं?"

"कुठल्या?"

"नवरदेवाच्या. त्या दिवशी पलीकडच्या खोलीत सांगत होतास. मधली भिंत पत्र्याची होती. शेवट नाही ऐकू आला, सगळे फार हसत होते."

त्या संध्याकाळनंतर ती गोष्ट मी कुठेही सांगितलेली नाही... मी विचारलं, "म्हणजे समितीपुढे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"माझी बाजू मी लिहून दिली होती. तुझी तू सांगशील म्हणून थांबलो. मग सवय झाली."

रागावून नाही म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. मी त्याला शेवट सांगितला. घोडी रसवंतीपाशी सापडली, गळ्यातल्या हारांसकट, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी. तो तोंडाच्या एका बाजूने हसला, आणि परत विचारलं, "मग काय झालं घोडीचं?"

त्या गृहस्थाचा मला संताप येतो, समितीचा येतो, त्या फ्लेक्सचा तर इतका की परवा दिवसाढवळ्या मी तो फाडला आणि पानवाल्याने टाळी दिली. पण संतापाला उभं राहायला जागा लागते आणि माझ्या पायाखाली माझीच सही आहे. म्हणून ज्यांनी ती लढत पाहिली, त्या निकालावर विश्वास ठेवला, इक्बालला रडका म्हटलं, त्या सगळ्यांसाठी हे इथे छापून येऊ द्या : मी ग्लव्ह दाबून पाहिलं नव्हतं. मी समितीपुढे खोटं बोललो. इक्बाल खरं बोलत होता.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी घरी गेलो तेव्हा भाभींनी एक उशी पुढे ठेवली. निळ्या पट्ट्यांची, एक बाजू उघडी, कडेला ओवलेली सुई टोचलेली. "तुमच्यासाठी भरली होती. मला सांगून ठेवलेलं, भाऊजींनी बघितल्याशिवाय टाके घालायचे नाहीत." मी कोपरापर्यंत हात घातला. चारही कोपरे चाचपले. चांगला लांब धाग्याचा कापूस होता, कुठे जुना मिसळलेला नव्हता, कुठे चोरी नव्हती.

"बघितलं?" भाभींनी सुई हातात घेतली.

मी म्हणालो, "थांबा जरा. पुन्हा एकदा बघतो."