माउसला हात न लावणारी सून

आमची सून बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून गेलेल्या फायली परत काढून देते. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळे माझी खुर्चीही तिथेच. गिऱ्हाइकांवर लक्ष ठेवायला बसते, असं मी सांगते. खरं म्हणजे पंखा तिथलाच चांगला आहे.

सुरुवातीला मला तिचा रागच यायचा. माउस धूळ खात पडलेला आणि ही बया आपली कीबोर्ड बडवतेय. खालचा बाण, स्पेसबार, खालचा बाण, स्पेसबार. शेवटी तिनेच समजावलं, की मेलेल्या डिस्कमधून फाइल परत येते ती नाव गमावून. गाणं असो, भाषण असो, कुणाचं घोरणं असो, सगळ्यांना नुसते आकडे. मग ऐकूनच ओळखायचं. एकेक उघडत बसलं तर जन्म जाईल. पण यादीतच स्पेसबार दाबला की फाइल न उघडता वाजते. पहिला शब्द कानावर पडला की हिचं बोट पुढे. तेही डोळे मिटून. मी मटार सोलते तशी ती आवाज सोलते.

एके दिवशी एक म्हातारे मास्तर आले. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेला होता, बोलणं सगळं पाटीवर लिहून. ऑपरेशनच्या आधी, लेक गरोदर असताना, होणाऱ्या नातवंडासाठी त्यांनी आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. पुढे डिस्क हातातून पडली आणि सगळंच गेलं. नात आता बोलायला लागली होती. ‘ती विचारते, आजोबा का बोलत नाहीत,’ असं त्यांनी लिहिलं, आणि मला उगाचच चष्मा पुसावासा वाटला.

सून कामाला लागली. गाणी निघाली, पोरांच्या कविता निघाल्या, मध्येच नुसती खरखर. मास्तर दर वेळी मानेनेच नाही म्हणत होते. यादी संपली. जे परत आलंय ते एवढंच, असं सुनेने हळूच सांगितलं. मास्तरांनी पाटी पिशवीत घातली, उठले, आणि निघतो म्हणून सांगायला अंगठीने काउंटरवर दोनदा टकटक केलं.

सून त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

“काका, वर्गात बोलायच्या आधीही असंच करायचात?”

मास्तर गोंधळले, मग हो म्हणून मान हलवली. पोरं गप्प बसावीत म्हणून लागलेली जन्माची सवय.

मघाशी एक फाइल अशीच टकटक करून गेली होती. खराब झालेली समजून सुनेने ती ओलांडली, आणि मास्तरांनाही काही कळलं नव्हतं. आपलीच सवय आपल्याला कुठे ऐकू येते! आता ती उलटी निघाली. वरचा बाण, स्पेसबार, वरचा बाण, स्पेसबार. माझा तर धीर सुटत चालला होता. आणि एकदम टक, टक. या वेळी तिने बोट उचललं नाही.

थोडा वेळ काहीच नाही. मग खोली भरून टाकणारा आवाज आला.

“ऐकतोयस की ऐकतेयस, मला ठाऊक नाही. मी तुझा आजोबा.”

मास्तरांचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते. एवढा आवाज या वाळक्या माणसात राहत होता! आणि तो शोधून काढणारी ही आमच्या घरातली पोरगी. मी तिच्याकडे बघतच राहिले.

आठवड्याने मास्तर नातीला घेऊन आले. सुनेने तिला मांडीवर घेतलं आणि तिचं बोट स्पेसबारवर ठेवलं. टक, टक झालं. आवाज अजून यायचा होता. पोरगी वळली, मास्तरांकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “आजोबा.”