सुर्खीच्या भिंतीवरची नोटीस

सुर्खी म्हणजे भाजक्या विटांची बारीक पूड. चुन्यात ती मिसळली की गिलावा भिंतीला घट्ट धरतो, तरी आतली ओल बाहेर जाऊ देतो. औरंगपुऱ्यातील आमच्या वाचनालयाचे चपट्या विटांचे, कमानीदार कोनाड्यांचे घर या मिश्रणावर पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे. तिथे चार सभासद जमले की त्या भिंतींचा एक तरी किस्सा निघतोच. आता हे किस्से इतके साठले आहेत की पुस्तकांना जागा पुरेनाशी झाली!

*

पहिला अपराध आमचाच. कार्यकारिणीने मोठ्या हौसेने उत्तरेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. ठरावावर सचिव म्हणून माझीच सही. पावसाळ्यात भिंत ओलावली, पोपडे पडले.

गवंडी यूसुफचाचांनी भिंतीवर हात ठेवला. “सर, भिंतीला रेनकोट घातला तुम्ही. घाम कुठून निघंल तिचा?”

*

ते पोपडे पाहूनच ‘धोकादायक इमारत, पाडण्यात यावी’ अशी महापालिकेची नोटीस आली. शिपाई ती दाराशेजारच्या जुन्या भिंतीला डकवू लागला. ती तीनदा गळून पडली.

ग्रंथपाल विमलताई खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. “चुन्याची भिंत हाय दादा. तिला असलं काही पटत नाय!”

*

आमच्या अर्जावर दुरुस्तीसाठी महिन्याची मुदत मिळाली. चाचांनी सिमेंट खरवडले आणि चुना मुरण्यासाठी भिजत घातला. महापालिकेच्या अभियंता साहेबांचा चाचांना फोन आला, “काम सुरू झालं का?”

“हो गया साहेब. चुना भिगरा.”

आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. साहेब तापले.

“साहेब, नोटीस एका दिवसात निघती. चुना नाय निघत!”

*

अखेर तपासणीला साहेब स्वतः आले. नवा गिलावा त्यांनी पाहिला, पण जुन्या उघड्या विटांपाशी थांबले. “हे सांधे मेलेले आहेत. पाडावंच लागेल.”

चाचांनी छिन्नी-हातोडा त्यांच्याच हाती दिला. “एक वीट सांध्यातून अख्खी काढा. निघाली तर घर तुमचं.”

विमलताई पहिल्यांदाच खुर्चीतून उठल्या. साहेबांनी बाह्या सरसावून घाव घातले. वीट मधोमध फुटली. सांधा जागचा हलला नाही.

साहेबांनी चिडून नोटिशीचे कागद फाडले, असे गावभर सांगतात. ते साफ खोटे. त्यांनी कोनाड्यात कागद ठेवून शांतपणे अहवाल लिहिला: “इमारतीस धोका नाही. एक वीट आमच्याकडून फुटली.”